वाचनारी सून

मले पाहाले आले तवा पोह्याले कोनी हातच नाई लावला. देवाजीबाबा, म्हंजे माह्या सासऱ्याचे मोठे भाऊ, तेच पाहुन्यायचे म्होरके. त्यायनं पिशवीतून निळ्या कपड्यात बांधलेला बाबासाहेबाचा ग्रंथ काढला, माह्या म्होरं ठेवला आनि म्हनलं, "वाच पोरी. कुठूनबी वाच." माहा बाप घाबरला. मी नाई घाबरली. किनवटच्या शाळेत बारावीपर्यंत मराठीच शिकली होती. दोन पानं वाचली, तिसरं पलटवाले हात नेला तं बाबा म्हनले, "बस. सून सापडली." नवरा काय करते, कसा दिसते, हे मले मंग इचारा लागलं. सांगा, अशी सोयरीक आयकली काय तुमी कुठं?

त्यायचीबी गरज होती म्हना. तेलुगू मुलखात, बोथपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव, बौद्धायची चाळीस घरं. घरात बोली मराठीच. पन म्हातारे लोक सारी जिंदगी दुसऱ्याच्या वावरात राबले, त्यायले अक्षर माहीत नाई. आनि नवी पोट्टी तेलुगू शाळेत गेली, त्यायले मराठी अक्षर माहीत नाई. वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पुनवेपासून अश्विनी पुनवेपर्यंत, रोज दिवेलागनीले विहारात ग्रंथ वाचाचा असते. एकानं वाचाचं, बाकीच्यायनं आयकाचं, भाग सरला का सगळ्यायनं मिळून तीनदा "साधू" म्हनाचं. वाचनारंच नसलं तं काय करता? म्हनून बाबानं मराठी मुलखातून सून आनली. तेरा वर्सं झाले, ते काम माहं. साक्षी मांडीवर दूध पित होती तवाबी मी वाचलं.

सुरेंद्र, माहा नवरा, बोथच्या तहसील हापिसात ज्युनिअर असिस्टंट होता. सा वर्सांपहिले काविळीनं गेला. त्याच्या जागेवर मले घेतलं. त्याच्याच खुर्चीवर बसतो मी, खुर्चीचा एक पाय अजूनबी डुगडुगते, खाली कागदाची घडी घालून ठेवा लागते. नोकरी भेटली, पन तिच्यासंगं एक अट आली. मी तेलुगू शाळेत शिकली नाई, म्हून खात्याची तेलुगू परीक्षा पास झाल्याबिगर प्रमोशन नाई.

आता तुमी म्हनान, येवढी वर्सं राह्यली तं तेलुगू येत नाई काय? येते ना बाप्पा! पन माहं तेलुगू आयकून झेरॉक्सवालाबी मले हिंदीत उत्तर देते. बोलनं कसंबसं, वाचनं त्याहून बेकार. छापलेलं अक्षर बोट ठेवून ठेवून वाचावं, आनि हातानं लिवलेली दरखास हाती आली का माह्या डोळ्याम्होरं सारे जिलबीचे वेढे. दोनदा नापास झाली. दुसऱ्यांदा तं परीक्षा घेनाऱ्या सारनं माह्या हातातून कागद घेतला आनि म्हनलं, "अम्मा, पानी प्या." ते पानी मी अजून इसरली नाई.

यंदा पॅनल लागनार होतं. पॅनल म्हंजे प्रमोशनची यादी. डी.टी. सारनं, म्हंजे आमच्या उपतहसीलदारानं, मले बोलावून सांगतलं का सप्टेंबरच्या परीक्षेत पास झाली तं सिनिअर असिस्टंट, नाई झाली तं भाग्यश्रीचं नाव वर. भाग्यश्री माह्यानंतर दोन वर्सांनं लागली, पोट्टी चांगली हाय, माह्यासाठी डब्यात आंब्याचं लोनचं आनते. पन तिच्या हाताखाली बसाचं माह्या मनाले पटत नोयतं. आनि मले हे प्रमोशन पायजे होतं, लाजू काऊन? लोक मले अजून "सुरेंद्रची बाई" म्हंते. हापिसातबी, गावातबी. त्या यादीत माहं नाव माह्या हुशारीनं लागाव असं मले वाटे, अनुकंपेनं नाई.

पन अभ्यास कराव कवा? पाच वाजता उठा, सैपाक करा, साक्षीची वेनी घाला, साडेनऊची बस पकडा, हापिसात दिवसभर "नमस्ते सार, नमस्ते सार" करा. जयभीम आपला घरापुरता. हापिसात मी तो शब्द कधी भाहेर काढला नाई, कोनी मनाई केली नोयती तरी. सांजच्याले घरी आली का हातपाय धुऊन विहारात. येईपर्यंत आठ. मंग डोळे मिटाले लागत. वर्षावास लागून आठ दिवस झाले, मी रोज मनाशी म्हने, उद्या बसतो. त्या उद्याले काई अंत नोयता.

एक दिवस भाकर थापता थापता माह्या डोळ्यातून धार लागली. माह्या सासूनं, पंचफुलाबाईनं, पाह्यलं. मी तिले आत्याबाई म्हंतो. तिनं परातीतलं पीठ आपल्याकडं ओढलं आनि इचारलं, "काऊन रडून राह्यली?"

"टाइम नाई आत्याबाई. कोनापाशी वाचाव, कोन चूक काढन, काईच नाई. मी पडतो यंदाबी."

आत्याबाईनं चार भाकरी थापल्या. मंग म्हने, "सुऱ्यानं तुह्यासाठी नागपुरावून हाच ग्रंथ तेलुगूत आनला होता ना? कुठं हाय थो?"

होता, पेटीत तळाशी. लगनाच्या दुसऱ्या वर्सी दीक्षाभूमीवरून आनला होता, "हे वाच, तुले आपोआप येईन" म्हने. मी तवा त्याच्यावर हसली होती. कधी उघडला नाई.

"मंग यंदा थोच वाच विहारात," आत्याबाई म्हने. "आमाले ग्रंथ तोंडपाठ हाय, कोनत्या पानात काय हाय थे ठावं हाय. आनि तेलुगू आमाले तुह्याहून चांगलं येते. चाळीस वर्सं रेड्ड्यायच्या वावरात कापूस काय मराठीत येचला काय? तू अक्षर वाच. चुकली का आमी सांगतो."

मी म्हनलं, "आत्याबाई, याड लागलं काय? विहारात?"

"विहार शिकासाठीच बांधला ना," ती म्हने आनि तवा उतरवला.

दुसऱ्या दिवशी हापिसात माहं ध्यान नोयतं. एका शेतकऱ्याची पहानी, म्हंजे सातबारा, दुसऱ्याच्या फायलीत लावली, डी.टी. सार ओरडले. सांजच्याले विहारात गेली. बाबासाहेबाच्या फोटोखाली देवाजीबाबा नेहमीसारखे भिंतीले टेकून बसले होते. समोर पंधरा-वीस बाया, दोन-तीन म्हातारे, मांघं पोट्ट्यायचा घोळका. मी निळा कपडा सोडला नाई. पिशवीतून तेलुगू ग्रंथ काढला. वंदना झाली, आनि मी सगळ्यायले हात जोडून म्हनलं, "परीक्षेपर्यंत मले सांभाळून घ्या. इथंच शिकतो."

पहिलं वाक्य वाचाले मले किती टाइम लागला असन? समोर बसलेल्या राहीबाईचं पान खाऊन झालं. अक्षराले अक्षर जोडू, थांबू, मांघं जाऊ, परत जोडू. वाक्य सरलं. आनि देवाजीबाबा उठले. काठी घेतली, कोनाकडं पाह्यलं नाई, आनि भाहेर जाऊन पायरीवर बसले. आमच्याकडं पाठ करून.

मी पुस्तक मिटाले गेली. आत्याबाईनं भाहेर पाह्यलंबी नाई. म्हने, "मंग? दुसरी वळ वाच ना."

असे आमचे दिवस सुरू झाले. मी वाचे आनि बाया मले पकडत. "असं नाई वं माय, असं कोन बोलते? आपल्या पटेलाची बायको कशी म्हने, तसं म्हन." मी म्हने, "इथं असंच लिवलं हाय." त्या म्हनत, "लिवनाऱ्याले काय ठावं!" राहीबाई आमच्यापैकी नाई, माळ्याची, भाजी इकते, पन ग्रंथ आयकाले दरसाल येते; तिले बोथच्या बजारातलं भाव करतानीचं तेलुगू येत होतं, तिनं मले तेच झटके शिकवले. वाक्य कुठं दाबाचं, कुठं सोडाचं. मी अडली का साऱ्या बायायले पुढचं ठावं राहे, कारन ग्रंथ तं त्यायनं तेरा वर्सं माह्याच तोंडून आयकला होता. म्हंजे माहीच शिकवन माह्याकडं परत येत होती, दुसरं लुगडं नेसून. हातानं लिवलेल्या अक्षराची सवय व्हावी म्हून भाग्यश्रीनं मले हापिसातल्या जुन्या, रद्द झालेल्या दरखासीची झेरॉक्स देली. वर म्हने, "अक्का, तुमी पास झाल्या तं माहं नाव खाली जाईन." आनि हसली. मी हसली नाई. मले लाज वाटली.

एक गोष्ट मले पहिल्याच आठोड्यात दिसली. मांघचा पोट्ट्यायचा घोळका म्होरं सरकला. पहिले ते आपसात चिमटे काढत, खीर कवा हाय म्हनून इचारत. आता मान वर करून आयकत. माही साक्षी, सहावीतली, अकरा वर्सांची, माह्या खांद्यावरून पुस्तकात डोकावे, आनि मी अडली का माह्याअंदी शब्द सांगून टाके. बाया तिले दटावत, "मायले शिकू दे." मले तवा गंमत वाटली. आता वाटते, मी तवाच घाबराले पायजे होतं.

आनि बाबा भाहेर. रोज यायचे बरं, चुकवत नोयते. वंदनेले आत बसत, मी पिशवी उघडली का उठून पायरीवर. श्रावनातली झड लागली तरी हालले नाई, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बसले. मले त्या पाठीचा राग येई. वाटे, हे मले लाजवासाठीच बसते. गावानंबी दोन तोंडं केली. भागीरथाबाई आनि तिच्या दोन्ही सुना यायच्या बंद झाल्या. नळावर मले आयकवलं, "विहाराचा कोचिंग क्लास केला साहेबीनबाईनं." मी बादली तशीच ठेवून घरी आली.

परीक्षा आठ दिवसांवर आली तवा माह्याच्यानं राहवलं नाई. मी पायरीवर गेली.

"बाबा, आत या ना. पान्यात काऊन बसता?"

त्यायनं खोळ सारखी केली. "तुले मी काऊन आनलं होतं पोरी?"

"वाचाले."

"काय वाचाले?"

मी पायरीवरचं पानी पायानं सारलं.

"आमी लहान होतो तवा शाळेत उर्दू होती. मंग तेलुगू आली. आमची बोली कोन्याच शाळेत बसली नाई, न आमी बसलो. या येवढ्या खोलीतच तिले बसाले जागा होती. मी तिच्या इटा वायल्या हायेत डोक्यावर."

आनि मी, माही जीभ तं तुमाले आता कळलीच असन, उचलली न लावली टाळ्याले. म्हनलं, "मंग मले सून म्हून आनलं का टेप म्हून आनलं? बटन दाबलं का मराठी वाजली पायजे! मी सुरेंद्रच्या खुर्चीवर जल्मभर त्या डुगडुगत्या पायासंगं बसू काय?"

मी आत गेली आनि त्या दिवशी इतकं खराब वाचलं का आत्याबाईनंबी चुका काढनं सोडून देलं. रात्रभर वाटत राह्यलं, जाऊन पाय धरावं. गेली नाई. परीक्षा झाली का जाईन म्हनलं.

परीक्षा आदिलाबादले. सकाळच्या बसनं निंगाली, एक्स रोडच्या फाट्यावर उतरून हायवेची दुसरी बस धरली. लेखी पेपर बरा गेला. तोंडी परीक्षेले दुपारी नंबर लागला. आत टेबलामांघं दोघं, एक तेच मांघचे सार. तेच सार मांघच्यासारखेच चश्मा पुसत बसले होते, मले वाटलं, आता परत म्हंतीन पानी प्या.

त्यायनं एक दरखास म्होरं केली. हातानं लिवलेली, निळी शाई, अक्षर वाकडंतिकडं. कोन्या बाईनं लिहून घेतली होती, का नवरा मेला, वावर माह्या नावानं करा, हापिसात चार चकरा झाल्या, कोनी आयकत नाई. मी पहिला शब्द वाचला. दुसरा वाचला. आनि मंग काय झालं, मले वाटलं मी विहारात हाय. समोर आत्याबाई, राहीबाई. आवाज तोच निंगाला, जसा रोज निंगे. दाबाचं तिथं दाबला, सोडाचं तिथं सोडला. त्या बाईचं दुख तं माह्या ओळखीचंच होतं. सारी दरखास एकाही ठिकानी न अडकता सरली.

सरली, आनि माहे दोन्ही हात आपोआप जुळले आनि मी मोठ्यानं म्हनलं, "साधू! साधू! साधू!"

माय वं! जीभ चावली, पन तोंडातून गेलं ते गेलं. दोन महिन्याची सवय, वाचन सरलं का साधू. दुसरे सार सरळ झाले. "हे काय अम्मा? हे कागदात कुठं हाय?"

येवढी वर्सं हापिसात जयभीम गिळून नमस्ते केला, आनि नेमकं इथं! वाटलं, म्हनाव का सार, घाबरून निंगालं, माफ करा. ते शब्द तोंडात आलेबी होते. पन मले त्या पायरीवरची पोत्याची खोळ दिसली. बाबा तिथं पान्यात बसले, आनि मी काय ह्या पंख्याखाली बसून माह्या विहारालेच नाकारू?

मी सांगतलं. तेलुगूत. का आमी बौद्ध लोक, आमच्यात वर्षावासात ग्रंथ वाचते, भाग सरला का साधू म्हंते. मले तेलुगू माह्या सासूनं शिकवलं, जिले स्वतःचं नाव लिहिता येत नाई. कापूस येचनाऱ्या बायायनं शिकवलं, भाजीवालीनं शिकवलं. तुमच्या पुस्तकातलं नसन माहं बोलनं, पन ते खोटं नाई. किती बोलली मले ठावं नाई. राग आला का मले थांबता येत नाई, आनि पहिल्यांदाच मले तेलुगूत राग आला होता.

चश्मेवाले सार दुसऱ्याकडं पाहून म्हनले, "हिच्यात आमच्या गावची बाई बोलून राह्यली." मंग माह्याकडं पाहून, "या तुमी." पास का नापास, काई नाई. बसमंधी साऱ्या रस्त्यानं मी तेच एक वाक्य उलटंपालटं करत राह्यली. गावची बाई म्हंजे चांगलं का वाईट?

निकाल यायले महिना लागला. तो महिना मी कसा काढला माहं मले ठावं. विहारात तेलुगूच वाचत राह्यली, परीक्षा सरली तरी. काऊन? एक तं नापास झाली तं परत लागन म्हून. आनि दुसरं म्हंजे पोट्टे. त्यायले तोडून मधात मराठी सुरू कराची माही हिंमत झाली नाई. पाया पडाले बाबाकडं गेलीच नाई. रोज वंदनेले समोर दिसत, नजर खाली घाली.

अश्विनी पुनवेच्या चार दिवस पहिले भाग्यश्रीचा फोन आला. "अक्का, पास! पॅनलमंधी तुमचं नाव वर हाय. पोस्टिंग नार्नूरले देऊन राह्यले." मी सैपाकघरात उभी होती, तिथंच खाली बसली. आत्याबाईले सांगतलं तं तिनं माह्या तोंडावरून हात फिरवला आनि कडाकडा बोटं मोडली. मंग म्हने, "नार्नूर म्हंजे रोजचं येनंजानं नाई होत."

नाई होत. तिथं खोली करा लागन. साक्षीची शाळा मधात तोडाची नाई, ती आत्याबाईपाशी राहीन, शनिवारी मी येईन. रोजच्या सांजले विहारात मी नसन. हे मी मनात म्हनलं नोयतं तोवर ठीक होतं.

समारोपाच्या आदल्या दिवशी मी बाबाच्या घरी गेली. पाय धरले. म्हनलं, "बाबा, उद्या शेवटचा भाग मराठीत वाचतो. आत बसा." दुसऱ्या दिवशी ते पांढरा सदरा घालून आले आनि फोटोखाली आपल्या जागेवर टेकून बसले. विहार भरून गेला होता. भागीरथाबाई सुना घेऊन आली होती. भाहेर चुलीवर मोठ्या गुंडात खीर शिजत होती. मी निळा कपडा सोडला.

काय सांगू, अक्षरं कशी धावत आली! तीन महिने दुसऱ्याच्या चपला घालून चालाव आनि मंग अनवानी आपल्या अंगनात याव, तसं वाटलं. बायायनं डोळे मिटले. बाबाची मान हलत होती. मले वाटलं, झालं, दोन्हीबी जमलं मले. प्रमोशन भेटलं, आनि हे काई गेलं नाई.

दुसऱ्या पानावर मांघं चुळबूळ सुरू झाली. दोन पोट्टे खिरीकडं पळाले. एकानं दुसऱ्याले चिमटा काढला. मी आवाज वाढवला. आनि साक्षी, माही साक्षी, सगळ्यायम्होरं म्हने, "आई, ते तेलुगूवालं वाच ना. तवा कळत होतं."

आत्याबाईनं तिच्याकडं डोळे वटारले. बाबानं हात वर केला.

"तुले मराठी नाई कळत काय पोरी?"

"बोलते ते कळते बाबा. पुस्तकातलं नाई कळत."

"मंग मायनं तीन महिने वाचलं थे?"

"ते सगळं कळलं!" आनि तिनं नदीच्या पान्यावरून दोन गावायचं भांडन कसं लागलं, सिद्धार्थ लढाईले नाई कसा म्हनला, घरदार सोडून कसा निंगाला, सारं धडाधडा सांगतलं. तेलुगूत. बाकीचे पोट्टे मधात मधात भर घालत होते. तेरा वर्सं मी मराठीत वाचलं. त्यातलं एक वाक्य कोन्या लेकरानं मले कधी परत सांगतलं नोयतं.

बाबानं काठी बाजूले ठेवली. मंग सगळ्यायकडं पाहून म्हनले, "शुभांगी नार्नूरले चालली. पुढच्या सालापासून कोन वाचन?"

भागीरथाबाईनं पदर डोक्यावर ओढला. बाबा म्हनले, "साक्षी, ये म्होरं. वाच."

साक्षीनं माह्या पिशवीतून तिच्या बापाचा ग्रंथ काढला आनि माह्या बाजूले बसून वाचाले लागली. बोट ठेवलं नाई, अडली नाई. परीक्षेतबी मले असं वाचता आलं नोयतं. पोट्टे पळालेले परत आले. बायायनं परत डोळे मिटले. माह्या मांडीवर मराठी ग्रंथ उघडाच होता. मी तो बांधला, पानी पिऊन येतो म्हनलं आनि भाहेर आली. पानी नाई पिलं. पायरीवर बसली, बाबा बसत त्याच जागेवर, आनि रडली. आपल्या लेकराच्या हुशारीचं दुख वाटाव, अशी कशी माय मी? पन वाटलं. दार मीच उघडलं होतं, माह्या यादीतल्या नावासाठी. आता आत बसाले मलेच जागा उरली नोयती.

मांघून काठीचा आवाज आला. बाबा हळूच माह्या बाजूले बसले.

"काऊन आली भाहेर?"

"आयकवत नाई बाबा."

"मलेबी आयकवत नोयतं." त्यायनं विहाराच्या दाराकडं मान हलवली. "पन इथून सगळं आयकू येते. तुहं एक अक्षर नाई सोडलं मी."

मी त्यायच्याकडं पाह्यलं. "तुमी आयकत होते?"

"मंग काय, पान्यात झोपत होतो? परीक्षेच्या अंदी अंदी बरं वाचाले लागली होती तू." त्यायनं काठी मांडीवर आडवी ठेवली. "ऑर्डर कवा येते?"

"पंधरा दिवसात."

"मंग उद्यापासून पोट्टीले मराठीची बाराखडी घे. पंधरा दिवस पुरतीन काय?"

खोटं बोलाव असं लय वाटलं. "नाई पुरत बाबा," मी म्हनलं.

"नाई पुरत," बाबाबी म्हनले. "तरी घे."

आत साक्षीनं भाग संपवला. सगळ्यायनं तीनदा साधू म्हनलं. पायरीवरून आमी दोघायनंबी म्हनलं.